‘महाराष्ट्रात गेल्यावर बघू’ : सीमाभागातल्या एका गावाचं प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं हे गाव. नाव देत नाही. इथं जे घडलं ते या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं घडलेलं आहे, आणि नाव दिलं की चर्चा माणसांवर घसरते. शेतात भात, रताळी, बटाटा. घरटी एखादा तरी उद्यमबागेत फाउंड्रीला किंवा मशीनशॉपला कामाला. घरात मराठी, देवळात मराठी भजन, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही. काकतीकडच्या, हुक्केरीकडच्या सोयऱ्यांशी बोलताना तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात.

वाद होता एका अर्जाचा. गावच्या सरकारी मराठी शाळेत गणित-विज्ञानाला शिक्षक नव्हता. पावसाळ्यात दोन खोल्या गळायच्या. जमिनीचा उतारा, नोटिसा, पंचायतीची पत्रं सगळं कन्नडमधून येई, आणि साठीच्या पुढच्या बहुतेकांना ते वाचता येत नसे. या तीन गोष्टींसाठी ‘भाषिक अल्पसंख्याक’ म्हणून कर्नाटक सरकारकडे रीतसर अर्ज करावा, असं शाळा सुधारणा समितीतल्या काही पालकांचं म्हणणं. बाहेरच्या माणसाला यात वाद घालण्यासारखं काय, असं वाटेल. गावात मात्र या अर्जावरून दोन तट पडले, भाऊकीत बोलणं बंद झालं आणि अर्ज बरेच महिने एका निवृत्त गुरुजींच्या पिशवीत पडून राहिला.

माझी बाजू आधीच सांगतो. सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी न्याय्य आहे असं मी मानतो. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. न्याय्य मागणीचं जेव्हा एका परिपूर्ण उद्याच्या स्वप्नात रूपांतर होतं, तेव्हा ते स्वप्न माणसांकडून काय काय वसूल करतं, हे या गावात अगदी जवळून दिसतं.

स्वप्न कुठून आलं

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला. भाषावार प्रांत हे तत्त्व देशभर मान्य होत असताना बेळगाव मात्र म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) जाणार, हे इथल्या लोकांना कळलं. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा १६ जानेवारी १९५६ ला झाली आणि त्यानंतर उसळलेल्या निदर्शनांत बेळगाव-निपाणीतही गोळीबार झाले, माणसं गेली. दरवर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात अभिवादन होतं ते त्यांना. १ नोव्हेंबर १९५६ ला नवी राज्यं अस्तित्वात आली. बेळगाव जिल्ह्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकी जिल्हा म्हैसूरला गेला. त्या दिवसापासून १ नोव्हेंबर हा आमच्याकडे काळा दिन. सायकली, डोक्याला काळ्या पट्ट्या, बापाच्या पुढ्यात दांडीवर बसलेली पोरं. त्याच दिवशी राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे आणि राज्योत्सवाची मिरवणूक.

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा त्या पिढीनं अक्षरशः जगली. १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन गेलं. गाव हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा, लोकेच्छा विचारा, ही मागणी आंध्र-मद्रास सीमेबाबत वापरलेल्या पाटसकर सूत्राला धरून होती. आधी ८१४ गावं, पुढे ८६५. यात अवास्तव काही नव्हतं. सीमा आखताना चूक झाली, ती दुरुस्त करा, एवढंच.

स्वप्न त्यानंतरच्या दहा वर्षांत वाढत गेलं. सीमा दुरुस्त व्हावी, इथपासून लोक हळूहळू इथपर्यंत आले की सीमा दुरुस्त झाली की सगळंच दुरुस्त होईल. शाळा, नोकरी, पाणी, मान, भाषा, पोलिसांचा आवाज, सगळं. गावातले जुने लोक अजूनही कुठल्याही अडचणीवर म्हणतात, ‘महाराष्ट्रात गेल्यावर बघू.’

१९६७

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्रानं १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर धरून २४७ गावं कर्नाटकला, केरळचं कासरगोडही कर्नाटकला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटक आजपर्यंत त्यावर बोट ठेवून आहे.

फेटाळण्यामागची कारणं खोटी नव्हती. बेळगाव गेलं तर मग लढलो कशासाठी, हा प्रश्न साधा नाही. एका ठिकाणी एक कसोटी आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी लावल्याचा आक्षेपही खरा होता. पण नकार देताना एक गोष्ट राहून गेली, आणि मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वात जास्त खुपते. ‘हे नको, मग पुढचा निर्णय होईपर्यंत काय?’ याचं उत्तर कुणीच दिलं नाही. निपाणी-खानापूरच्या माणसानं मधल्या काळात कुठल्या भाषेत शिकायचं, कुठल्या दाराशी जायचं, याचा आराखडा मुंबईतही नव्हता आणि बेळगावातही नव्हता. लवकरच होईल, या विश्वासात मधला काळ धरलाच गेला नाही. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज निवृत्त झाली आहेत.

पुढचं थोडक्यात. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार, नऊ बळी. २००४ मध्ये महाराष्ट्रानं राज्याराज्यांतल्या वादांसाठीच्या घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तर सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढला गेला, गावावर लाठ्या चालल्या, खटले भरले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, महिनाअखेरीला महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांचा ठराव एकमतानं केला. प्रत्येक वेळी गावात तेच वाक्य फिरलं, की आता निकाल लागणार.

गुरुजींची पिशवी

आता गावात येऊ. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली तेव्हा तीन प्रकारची माणसं होती. शहाऐंशीच्या आंदोलनात हिंडलग्याच्या जेलात गेलेले, खांद्याला लाठीचं जुनं दुखणं असलेले काका, ज्यांना सगळं गाव मानतं. पंचमंडळी आणि युवक मंडळाची पोरं. आणि मागे, दाराजवळ, आया. त्यात एक शिवणकाम करणारी बाई होती, शाळा सुधारणा समितीची सदस्य.

निवृत्त गुरुजींनी अर्ज वाचून दाखवला. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही मसुदे त्यांनीच केलेले. त्यात आधार नीट दिलेले होते. घटनेचं कलम ३५०अ, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणं हे राज्याचं काम. कलम ३५०ब, म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली, म्हणजे ज्या वर्षी आम्ही म्हैसूरला गेलो त्याच वर्षी. एका शाळेत अशी ४० मुलं किंवा एका वर्गात १० असली तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय हवी, असा संकेत. एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे असले तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही छापावेत, अशी केंद्राची तरतूद. अर्जात भीक नव्हती, सगळं हक्काचं होतं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘गुरुजी, तुमचं लिहिणं उत्तम. पण आपण अल्पसंख्याक आहोत असं आपल्या हातानं लिहून दिलं म्हणजे आपण इथलेच झालो की. मग दिल्लीत कोर्टाला काय सांगायचं? आणि आम्ही जेलात गेलो ते काय शाळेची कौलं मागायला?’

कुणी बोललं नाही. काकांच्या खांद्याकडे बघून कुणाला बोलवेना, हे जास्त खरं.

तेवढ्यात मागून ती शिवणकामवाली बाई म्हणाली, ‘काका, माझा पोरगा पाचवीत आहे. निकाल लागेपर्यंत तो पाचवीतच बसणार काय?’

पेच असा होता. ‘अल्पसंख्याक’ म्हणून हक्क मागायचे तर या राज्यात आपण अल्पसंख्याक आहोत हे मान्य करावं लागतं. स्वप्नाला नेमकं तेच मान्य नव्हतं. स्वप्न म्हणतं, आम्ही अल्पसंख्याक नाहीच, आम्ही महाराष्ट्राचे आहोत, चुकून इकडे राहिलो. त्यामुळे घटनेनं आमच्याच हातात दिलेलं साधन हातात घेणं हीच शरणागती वाटू लागली. सीमाप्रश्नासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं अल्पसंख्याक आयुक्तांकडे निवेदनं दिली नाहीत असं नाही. दिली, मराठी परिपत्रकांसाठी मोर्चेही काढले. पण मोर्चा झाला, निवेदनाचा फोटो पेपरात आला की काम झालं, असं व्हायचं. त्या निवेदनाचा पुढे कुठल्या टेबलावर काय पाठपुरावा झाला, हे विचारायला गाव उभं राहत नसे. कायमची वस्ती नाही त्या घराची कौलं कोण शाकारतो?

कुणाच्या खर्चानं

थांबण्याचा खर्च सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे या गावात ठळक दिसतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहिली नाही. पोरांना बेळगावच्या इंग्रजी माध्यमात घातलं, सकाळी गावात पिवळी व्हॅन येते. पुढे पुणे, कोल्हापूर. १ नोव्हेंबरला तेही सायकल फेरीत असतात आणि मनापासून असतात, याबद्दल मला शंका नाही. पण गळक्या खोलीत, गणिताच्या शिक्षकाविना मराठी जपण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलं? फाउंड्रीत रोजंदारी करणाऱ्याच्या, शेतमजुराच्या पोरांच्या. त्यांना मराठी तर धड मिळालीच नाही, कन्नडही परीक्षेपुरतं, आणि नोकरीच्या अर्जाला दोन्हीकडे अडकले.

भूसंपादनाची नोटीस ज्याच्या नावे येते त्यालाही थांबता येत नाही. बेळगावच्या भोवती बायपास आणि रिंगरोडच्या कामांनी मराठी शेतकऱ्यांच्या पिकाऊ जमिनीवर रेघा ओढल्या. हलगा-मच्छे बायपासची लढाई तर शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढवली. नोटीस वाचता न आल्यानं हरकतीची मुदत टळली, तर तिथं ‘महाराष्ट्रात गेल्यावर बघू’ या वाक्याचा उपयोग नाही.

रेषेपलीकडचं गाव

परिपूर्ण उद्याची दुसरी खोड अशी की तो उद्या जिथं आहे, ती जागा धुऊनपुसून स्वच्छ होते. आमच्या स्वप्नातला महाराष्ट्र असाच आहे. तिथं शाळेला शिक्षक आहेत, पाणी आहे, कचेरीत माणूस गोड बोलतो.

आणि हे स्वप्न तपासून बघायची सोय आमच्या शेजारीच आहे. चंदगड. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्याचाच तालुका, भाषा तीच, पाऊस तोच, जमीन तीच. तो सुटला, आम्ही राहिलो. चंदगडला मराठीत उतारा मिळतो, मराठीत तक्रार देता येते, पोलिसाला मराठीत उत्तर देता येतं. ही लहान गोष्ट नाही, मला तिचा हेवा वाटतो. पण चंदगडचं पोर नोकरीला पुण्या-मुंबईलाच जातं आणि चंदगडच्या बाईचं बाळंतपण अडलं की गाडी कोल्हापूरपेक्षा आधी बेळगावकडे वळते. सांगलीच्या जत तालुक्यात तर महाराष्ट्रात असलेल्या चाळीसएक गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा २०१२ मध्ये केली होती, आणि २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तेच पुढे करून त्या गावांवर हक्क सांगितला. रेषेच्या दोन्ही अंगांना लोक पलीकडे बघत उभे आहेत.

हे बैठकीत गुरुजींनी मांडलं तेव्हा युवक मंडळातला एक मुलगा चिडला. ‘म्हणजे महाराष्ट्रात जाऊन काही उपयोग नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?’ गुरुजींचं उत्तर मला आवडलं. ते म्हणाले, ‘उपयोग आहे रे. भाषेचा प्रश्न सुटेल. पण कौलं तिथंही आपणच मागावी लागतील. मागायची सवय इथंच का लावून घेऊ नये?’

समोरचं स्वप्न

स्वप्न फक्त आमच्याच बाजूला आहे असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. एका राज्यात एकच भाषा दिसावी, ऐकू यावी, हेही एक स्वप्नच, आणि ते सत्तेच्या हातात असल्यानं जास्त जाचक. १९८६ ची सक्ती, २००६ मध्ये बेळगावात भरवलेलं पहिलं विधिमंडळ अधिवेशन, हलग्याजवळची २०१२ ची सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत, २०१४ मधलं ‘बेळगावी’ हे नामांतर, अलीकडे दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा. यातली काही कामं एरवी कुणाच्या डोळ्यांवर आली नसती. विधानसौधामुळे उत्तर कर्नाटकाचे प्रश्न बोलायला एक जागा झाली, हे कन्नड मित्र सांगतात ते पटतं. पण जिथं प्रत्येक पाटी म्हणजे सीमेवरचा खांब होतो, तिथं मराठीतून उतारा मागणारा म्हाताराही फुटीर ठरतो. आमचं ‘सगळं हवं’ आणि त्यांचं ‘एवढंही नाही’ ही दोन्ही स्वप्नं एकमेकांना जिवंत ठेवतात.

याच मातीतले दुसरे नमुने

मोठी आशा धरायचीच नाही, असा अर्थ यातून काढला तर तो मला मान्य नाही. त्या आशेनंच इथं मराठी टिकली. प्रश्न आशा रोजच्या कामाला जोडायची कशी, हा आहे, आणि त्याचे नमुने शोधायला बेळगावबाहेर जावं लागत नाही.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. चार वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, त्यांनी ‘एका वर्षात स्वराज्य’ असं सांगितलं होतं. वर्ष सरलं, स्वराज्य आलं नाही, चौरीचौरा झालं, आंदोलन थांबलं, देशभर निराशा पसरली. त्यानंतर बेळगावात येऊन त्यांनी भर कशावर दिला? चरखा, अस्पृश्यता निवारण, हिंदू-मुस्लीम ऐक्य. काँग्रेसचं सभासदत्वच सुताशी जोडलं, महिन्याला २००० वार. ही अट पुढच्याच वर्षी ढिली करावी लागली, म्हणजे तीही पूर्ण यशस्वी झाली नाही. पण स्वराज्याची मागणी सोडली नव्हती आणि स्वराज्य येईपर्यंत करायचं काम घराघरात दिलं होतं.

दुसरा नमुना निपाणीचा. मार्च-एप्रिल १९८१. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, हजारो माणसं बायकापोरांसह रस्त्यावर आठवड्यामागून आठवडे बसली. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. त्या रस्त्यावर मराठी शेतकरी होता, कन्नड शेतकरीही होता. मागणी इतकी मोजकी की कुणालाही कळावी. याच निपाणीला १९६७ चा अहवाल महाराष्ट्रात घालत होता, हे आठवलं की त्या मांडवात दोन्ही भाषांची माणसं शेजारी बसली होती ही गोष्ट आणखी मोठी वाटते.

आणि तिसरा नमुना, माझ्या सर्वात जवळचा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा. या गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात. सरकारी अनुदानाच्या जिवावर नाही, गावाच्या वर्गणीवर. ग्रंथदिंडीला लेझीम, दुपारी गावजेवण, संध्याकाळी कविसंमेलन, आणि बाईमाणसं शेतातनं थेट मांडवात. महाराष्ट्रात गेल्यावर साहित्य संमेलन भरवू, असं या गावांनी म्हटलं नाही. कडोलीला जे जमलं ते उताऱ्याच्या बाबतीत का जमू नये?

पोरं कुठं गेली

एक परिणाम गावातले ज्येष्ठ बोलायला टाळतात. ज्या पिढीला दर वर्षी ‘आता निकाल’ असं ऐकवलं गेलं, ती कंटाळली. २०१३ मध्ये एकीकरण समितीचे दोन आमदार विधानसभेत होते. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही नाही. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपनं जिंकल्या. त्यातले कितीतरी नगरसेवक घरी मराठीच बोलतात. समितीतली फूट हे कारण आहेच. पण फूटही स्वप्नाचीच लेक आहे. ध्येय परिपूर्ण असलं की त्याच्याजवळ कोण किती निष्ठेनं उभा आहे, यावरच माणसं मोजली जातात. अर्ज लिहिणारा गुरुजी कमी निष्ठेचा, जेलात गेलेला जास्त निष्ठेचा. अशी मोजदाद सुरू झाली की माणसं गळतात, आणि रिकाम्या मनाला लगेच दुसरं मोठं स्वप्न सापडतं. आमच्या गावच्या पोरांच्या मोबाइलवर आता जी भाषणं वाजतात, त्यात ना सीमाप्रश्न आहे ना शाळा.

त्याच वेळी महाराष्ट्रानं हळूहळू काही ठोस केलं तेव्हा लोकांनी ते धरलं, हेही नोंदवायला हवं. अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशात सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी सोय आहे, तिचा दाखला काढायला पालक रांगेत उभे राहतात. २०२३ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ गावांना लागू झाली, तर ऑपरेशनसाठी विचारणा करणारे फोन येऊ लागले. लोक स्वप्नाला कंटाळले असतील, उपयोगाच्या मदतीला कंटाळलेले नाहीत.

अर्जाचं काय झालं

तोडगा शेवटी निघाला तो एका वाक्यावर. बेळगावातल्या एका मराठी वकिलाकडे गुरुजी मसुदा घेऊन गेले. वकील म्हणाले, दोन राज्यांमधला दावा एका बाजूला आणि इथं राहणाऱ्या नागरिकाचे हक्क दुसऱ्या बाजूला, एकानं दुसऱ्याला बाध येत नाही. तरी लोकांच्या मनासाठी लिहा. म्हणून अर्जाच्या सुरुवातीला ओळ घातली : ‘सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित दाव्याबाबत आमचे म्हणणे कायम ठेवून, त्यास कोणतीही बाध न येता, पुढील विनंती करीत आहोत.’ युवक मंडळाला ‘वादग्रस्त सीमाभागातील ग्रामस्थ’ असं हवं होतं. तसा अर्ज खिडकीवरूनच परत येईल, म्हणून नुसतं ‘ग्रामस्थ’ राहिलं, आणि त्यावरही एक संध्याकाळ गेली.

सह्यांना सुरुवात आयांनी केली. मग शेतकरी आले, कारण उताऱ्याचा मुद्दा त्यांचा. काकांनी सही केली नाही. त्यांनी विरोधही केला नाही, फक्त सांगितलं, की अर्जाची एक प्रत महाराष्ट्र शासनाकडे आणि एक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवा, म्हणजे इथं काय चाललंय ते त्यांनाही कळू दे. ही सूचना चांगलीच होती आणि तशा प्रती गेल्या. सही न करण्याचा त्यांचा हक्क मी मानतो. ज्यानं एका गोष्टीसाठी अंगावर लाठ्या घेतल्या, त्याच्याकडून त्या गोष्टीच्या दुसऱ्या रूपाला लगेच होकार मागणं क्रूर आहे.

शाळेला पुढच्या वर्षी गणितासाठी अतिथी शिक्षिका मिळाली, खानापूरकडची, मराठीतून शिकवते. खोल्यांपैकी एकीचं छप्पर सरकारी निधीतून झालं, दुसरीचं गावानं वर्गणी काढून केलं. पंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना आता दोन्ही भाषांत लागते, कारण पंचायतीतले सदस्य गावचेच आहेत आणि त्यासाठी वरून आदेशाची गरज नव्हतीच, फक्त कुणी मागितलं नव्हतं.

उताऱ्याच्या मराठी प्रतीबाबत मात्र उत्तर आलेलं नाही. दोन स्मरणपत्रं गेली आहेत. गुरुजींचं म्हणणं, आता आजूबाजूच्या गावांनी मिळून एकाच मजकुराचे अर्ज एकाच दिवशी द्यावेत. त्यासाठी शेजारच्या गावातल्या पंचांशी बोलणी चालू आहेत, आणि तिथल्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी उठून विचारलं, ‘असं लिहून दिलं तर आपण इथलेच होणार नाही ना?’ गुरुजींनी पिशवीतून तो पहिला अर्ज काढला आणि पहिली ओळ वाचायला घेतली.